हिमोफिलियाच्या मुलाला मित्र का हवेत

वर्गातल्या एखाद्या मुलाला हिमोफिलिया आहे असं कळलं की बाकीच्यांना बजावलं जातं, ‘त्याला हात लावू नका, त्याचं रक्त थांबत नाही.’ बजावणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण तेव्हापासून तो मुलगा मधल्या सुट्टीत एकटा पडतो.

हा आजार स्पर्शाने पसरत नाही. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी, म्हणजे फॅक्टरपैकी, आठवा (हिमोफिलिया ए) किंवा नववा (हिमोफिलिया बी) कमी पडतो, एवढंच. खरचटलं तर भळाभळा रक्त जात नाही, दाबून धरलं की बहुधा थांबतं. घात होतो तो आतल्या रक्तस्रावाने. गुडघ्यात, घोट्यात, कोपरात तो पुन्हा पुन्हा झाला की सांधा आखडतो. डोक्याला मार लागला तर मात्र क्षणभरही थांबू नये. कुस्ती-कबड्डी टाळावी, पण पोहणं उत्तम, कारण बळकट स्नायू सांधे सांभाळतात.

‘आजाऱ्याने आजाऱ्यांत बसू नये, मन खचतं’ हा समज तर मला फारच छळतो. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात हिमोफिलियाचं डे केअर केंद्र आहे. अशा ठिकाणी शिरेतून फॅक्टर घेताना शेजारच्या खाटेवरचा मोठा मुलगा जे सांगतो, ते घरात कुणालाच ठाऊक नसतं: सूज दिसण्याआधी सांधा आतून गरम लागतो, मुंग्या आल्यासारखं होतं, तेव्हाच सांगायचं. फॅक्टर जितका लवकर मिळेल तितका सांधा वाचतो. सुरगाणा-पेठहून येणाऱ्याला एसटीत हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी प्रवाससवलत आहे, हेही अनेकदा असंच गप्पांतून कळतं.

आयांना तर ही सोबत फार लागते. ‘तुझ्या माहेरूनच आलं’ हे त्यांनी ऐकलेलं असतं. सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून ते बहुधा आईकडून येतं. पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो, जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो. आणि तो आईकडून आला तरी त्यात तिचा दोष काय? हे तेच सोसलेली दुसरी आई सांगते तेव्हा पटतं.

जागतिक हिमोफिलिया महासंघ 1963 मध्ये उभा केला तो फ्रँक श्नाबेल या रुग्णानेच. 17 एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस जागतिक हिमोफिलिया दिन म्हणून पाळतात.

मैत्रीत औषध मात्र वाटून घेऊ नये. ए प्रकारचा फॅक्टर बी प्रकाराला चालत नाही, मात्रा वजनावर ठरते आणि काहींच्या शरीरात फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. दुखतंय म्हणून मित्राने दिलेली अ‍ॅस्पिरिनची गोळीही घातक ठरते.

वर्गमित्रांना सांगायचंच असेल तर हे सांगा: खेळता खेळता तो थांबला, तर त्याला बसवा, पाय उंच ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा आणि घरी फोन करा.