संगणकाची वाचा का बसते?

आमच्या महाविद्यालयात एक दृष्टिहीन विद्यार्थी आहे. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी एनव्हीडीए नावाची विनामूल्य आज्ञावली तो वापरतो. आपण संगणक डोळ्यांनी पाहतो. तो कानांनी पाहतो. परीक्षेला चार दिवस उरले असताना एका सकाळी त्याचा संगणक बोलेनासा झाला. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले, ‘‘मदरबोर्ड गेला, बदलावा लागेल.’’ मुलगा प्रयोगशाळेत माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘सर, बोर्ड खरंच गेलाय का, हे आधी तपासता येईल का?’’

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न कोणत्याही वैज्ञानिकाला शोभेल असा आहे. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी संगणकातून आवाज कसा निघतो, ते पाहू.

संगणकात साठवलेला आवाज म्हणजे अंकांची मालिका असते. कॉम्पॅक्ट डिस्कवरील संगीतात डाव्या आणि उजव्या बाजूसाठी सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० अंक असतात. प्रत्येक अंक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ संभाव्य किमतींपैकी एक असतो. या अंकांचा प्रवास पाच कड्यांच्या साखळीतून होतो. (१) आज्ञावली अंक तयार करते. (२) विंडोजसारखी कार्यप्रणाली ते एकत्र करते आणि कोणत्या मार्गाने बाहेर पाठवायचे ते ठरवते. (३) ड्रायव्हर ते ध्वनि-चिपपर्यंत पोहोचवतो. (४) चिप अंकांचे कमीजास्त होणाऱ्या विभवांतरात रूपांतर करते. (५) त्यामुळे इअरफोनमधील तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतो, चुंबकीय क्षेत्रात वेटोळे हलते, त्याला चिकटलेला पडदा कंप पावतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो.

यातील ड्रायव्हर म्हणजे गाडीचा चालक नव्हे. तो दुभाष्या आहे. वेगवेगळ्या उत्पादकांच्या चिपांची अंतर्गत रचना वेगळी असते. कार्यप्रणालीची आज्ञा त्या विशिष्ट चिपला समजेल अशा भाषेत सांगण्याचे काम ड्रायव्हर ही छोटी आज्ञावली करते. चुकीचा दुभाष्या आला, तर बोलणारा आणि ऐकणारा दोघेही धडधाकट असून संभाषण मात्र होत नाही.

आता तपासणी. पाचही कड्या एकदम सुधारू पाहणे व्यर्थ असते. साखळीचे दोन भाग करावेत आणि दोष कोणत्या भागात आहे ते ठरवावे. प्रथम सोप्या गोष्टी पाहिल्या. आवाज बंद केलेला नव्हता. कधीकधी विंडोज आवाज एचडीएमआय तारेने जोडलेल्या, स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे पाठवते. तेही झालेले नव्हते. त्याचा इअरफोन मोबाइलला लावला, तर उत्तम वाजला. पाचवी कडी निर्दोष ठरली.

मग यूएसबी खाचेत लावायचा इअरफोन जोडला. अशा इअरफोनमध्ये स्वतःची ध्वनि-चिप असते आणि तिच्यासाठी ड्रायव्हरही वेगळा लागतो. तो जोडताच संगणक बोलू लागला! मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, कारण अभ्यासाची सोय झाली. आम्हाला पुरावाही मिळाला: पहिल्या दोन कड्या ठीक होत्या. संशय उरला तो संगणकातली चिप आणि तिचा ड्रायव्हर या दोघांवर.

या दोघांना वेगळे कसे करावे? चिप तीच ठेवून दुभाष्या बदलावा. संगणकातील विंडोजला हात न लावता आम्ही पेनड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली सुरू केली. तिचे ड्रायव्हर तिच्याबरोबरच येतात. साधा इअरफोन नेहमीच्या खाचेत लावला आणि आवाज स्वच्छ आला. चिप निर्दोष सुटली!

पुन्हा विंडोजमध्ये येऊन डिव्हाइस मॅनेजर उघडला. ड्रायव्हर सुरूच झाला नाही, तर तेथे उपकरणाच्या नावाजवळ पिवळा त्रिकोण दिसतो. आमच्याकडे तो नव्हता. पण त्रिकोण नसणे म्हणजे दोष नसणे नव्हे. नोंदींत आदल्या रात्री नवा ड्रायव्हर बसल्याची वेळ होती. ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण दाबून जुना ड्रायव्हर परत आणला, संगणक पुन्हा सुरू केला आणि त्याला वाचा फुटली.

हे बटण नेहमीच चालू स्थितीत असते असे नाही. तेव्हा उपकरणाची नोंद काढून संगणक पुन्हा सुरू करावा. बहुधा विंडोज स्वतःच योग्य ड्रायव्हर बसवते. तेही न जमल्यास संगणकाच्या उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच ड्रायव्हर घ्यावा. अनोळखी ठिकाणाहून कधीही घेऊ नये.

आता एक विचार करा. आम्ही न तपासता मदरबोर्ड बदलला असता तर? नव्या बोर्डाबरोबर नवी चिप आणि तिचा नवा ड्रायव्हर आला असता. आवाजही आला असता! मग ‘बोर्डच गेला होता’ अशी सर्वांची खात्री पटली असती. उपाय लागू पडला म्हणून निदान खरे ठरत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या तशाच ठेवाव्यात, हा प्रयोगशाळेतील नियम म्हणूनच मोलाचा आहे.

जाता जाता एक प्रश्न. शाळेतील ध्वनिक्षेपकातून प्रार्थनेच्या वेळी आवाज येत नाही. मायक्रोफोन, तार, वर्धक आणि कर्णा अशी साखळी आहे. सर्वांत कमी चाचण्यांत दोष कसा शोधाल? वहीत क्रम लिहा आणि शिक्षकांना दाखवा.