व्यस्त फलन : गणितातील परतीची वाट

एका संख्येवरून निश्चित नियमाने एकच दुसरी संख्या मिळत असेल, तर त्या नियमास गणितात ‘फलन’ म्हणतात. मिळालेल्या संख्येवरून मूळ संख्येकडे परत नेणारा नियम म्हणजे ‘व्यस्त फलन’. सेल्सिअस अंशांना १.८ ने गुणून ३२ मिळविले की फॅरनहाइट अंश येतात. ४० चे १०४ होतात. परतताना क्रियांप्रमाणे त्यांचा क्रमही उलटतो : आधी ३२ वजा करावयाचे, नंतर १.८ ने भागावयाचे.

मात्र प्रत्येक फलनास अशी वाट असतेच असे नाही. सातबारा उताऱ्यावर गट क्रमांकावरून क्षेत्र कळते. परंतु गावातील दोन गटांचे क्षेत्र समान असल्यास केवळ क्षेत्रावरून गट ओळखता येत नाही. म्हणूनच नोंदीत क्षेत्राबरोबर गट क्रमांकही अवश्य लिहावा लागतो.