मराठी जशी लिहितो, तशी बोलत नाही

नांदेड-लातूरकडे शाळेत हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं: मराठी जशी लिहितो, तशीच बोलतो. फ्रेंचचा विषय निघाला की पुढची जोडही तयार असते, "ते लोक अर्धी अक्षरं गिळतात, आपलं तसं नाही." आपलंही तसंच आहे, आणि क्रियापदांत ते सहज दिसतं.

'करतो' लिहिताना अक्षरं तीन, बोलताना तुकडे दोन: कर्-तो. 'र'मधला अ गळतो. मराठी व्याकरणात अशा लपलेल्या अ-ला निभृत म्हणतात. 'बसवतो' म्हणून बघा: ब-सव्-तो. इथे 'व'चा अ गेला, 'स'चा राहिला, कारण तोही गेला तर स्, व्, त् अशी तीन व्यंजनं एकमेकांवर आदळतील. आता 'बसवायला' म्हणा: बस्-वाय्-ला. 'व'ला आ मिळाला, म्हणून 'स'चा अ निघून गेला. 'उतरतो'चं उ-तर्-तो, पण 'उतरायचं'चं उत्-राय्-चं. धातू तोच, प्रत्यय बदलला की तुकडे बदलतात. लिपी यातलं काहीच दाखवत नाही.

फ्रेंचमध्ये 'हाक मारणे' या क्रियापदाचं हेच होतं. 'मी'बरोबर अपेल, 'आम्ही'बरोबर अप्लों: मधला स्वर येतो नि जातो. 'ते बोलतात' या अर्थाच्या रूपाला शेवटी ई-एन-टी लिहितात, उच्चार मात्र नुसता 'पार्ल'.

लिहितो तसंच बोलतो, हा गैरसमज निरुपद्रवी असता तर सोडून दिला असता. पण त्याच्याच जोरावर आमच्या पोरांना अशुद्ध ठरवलं जातं. लातूरहून बारावी करून पुण्याला गेलेलं पोरगं "मी अभ्यास करायलो" म्हणालं की वर्ग हसतो. का? करायलो, करायलास, करायलीय, करायलेत: पुरुष, लिंग, वचन सगळं नेमानं चालतं. आणि हसणारा स्वतः 'करतोय' म्हणतो, म्हणजे 'करतो आहे'मधल्या अख्ख्या 'आहे'चा एक 'य' करतो! त्याचं बोलणं प्रमाण आणि आमचं अडाणी, हे कोणत्या व्याकरणात लिहिलंय?

"शासनाचे नियम आहेत ना?" आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 आणि 1972 चे 4, असे 18. पण ते लेखनाचे नियम आहेत, तोंडाचे नव्हेत. आणि पात्राच्या तोंडी बोलण्याप्रमाणे लिहायची मुभा त्यांतही आहे.

आणखी तीन गैरसमज उरतात. अ गाळणं हा खेडवळ आळस? नाही, 'करतो'चं कर्-तो पुण्यातही होतं.

मोठ्या अभंगात 6-6-6-4 अक्षरं मोजतात, म्हणून बोलणंही तसंच? नाही, तिथे लपलेला अ-ही मोजला जातो, बोलण्यात नाही.

एका अक्षराचा एकच उच्चार? 'चालतो' आणि 'चिडतो' लागोपाठ म्हणा, जीभ दोन वेगळ्या ठिकाणी टेकेल.