अँडोराला जाताय? आधी व्हिसाचा स्टिकर वाचा

बार्सिलोनाहून सुटलेली बस साधारण तीन तासांत अँडोरा-ला-वेया या राजधानीत पोहोचते. वाटेत सीमा लागते, पण अँडोराचा व्हिसा कुणी मागत नाही. पर्यटकांना तो लागतच नाही. भारतीय प्रवाशाची गफलत होते ती नेमकी इथेच.

फ्रान्स आणि स्पेनच्या मध्ये, पिरेनीज पर्वतात वसलेला हा देश अवघा ४६८ चौरस किलोमीटरचा. देशात ना विमानतळ, ना रेल्वे. जायचं तेही फ्रान्स किंवा स्पेनमधून आणि परतायचं तेही तिथूनच. दुकानात युरो चालतात, म्हणून आपण अजून युरोपीय संघातच आहोत असं वाटत राहतं. प्रत्यक्षात अँडोरा संघाचा सदस्य नाही आणि शेंगेन क्षेत्रातही नाही.

याचा अर्थ असा, की शेंगेन व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल तर अँडोरात पाऊल ठेवताच तो वापरून संपतो. स्पेनमध्ये पुन्हा शिरायला दुसरी एंट्री लागते. सीमेवर दरवेळी पासपोर्ट तपासतातच असं नाही, आणि ‘आम्हाला कुणी काही विचारलं नाही’ असं सांगणारेही भेटतात. पण त्यांच्या भरवशावर जाऊ नये. तपासणी झालीच, तर परतीचं विमान बार्सिलोनाला उभं आणि तिथवर जाण्याचा कायदेशीर रस्ता बंद, अशी अवस्था होईल. व्हिसाचा अर्ज करतानाच मल्टिपल एंट्री मागावी आणि प्रवासाच्या आराखड्यात अँडोरा स्पष्ट लिहावं. टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांनीही पासपोर्टवरचा स्टिकर स्वतः वाचावा. एंट्रीच्या रकान्यात ‘मल्ट’ हवं. तिथे ‘०१’ असेल तर या खेपेला अँडोरा वगळलेलाच बरा.

विम्याचंही तसंच. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो, पण पॉलिसीत फक्त शेंगेन देशांचाच उल्लेख असेल तर अँडोरातला खर्च त्यात बसेलच असं नाही. बर्फात स्कीइंग करणार असाल तर ते वगळलेलं नाही ना, हेही पाहावं. साहसी खेळ अनेक पॉलिसींतून बाहेर ठेवलेले असतात.

अँडोराची खरी ओढ खरेदीची. विक्रीकर ४.५ टक्के, त्यामुळे अत्तर, दारू, तंबाखू, कॅमेरे स्वस्त. मात्र बाहेर पडताना स्पेन आणि फ्रान्सचे कस्टम अधिकारी गाड्या थांबवून सामान उघडायला लावतात. प्रौढ व्यक्तीला ३०० सिगारेटी, २२ टक्क्यांहून कडक दारू दीड लिटर आणि इतर औद्योगिक वस्तू ९०० युरोंपर्यंत नेता येतात. त्यापुढचं सामान जाहीर करून कर भरावा लागतो. लपवलेलं सापडलं तर दंड होतो, माल जप्तही होऊ शकतो. पावत्या हाताशी ठेवाव्यात.

हिवाळ्यात फ्रान्सच्या बाजूने गाडी घेऊन येणाऱ्यांना एन्व्हालिराची २,४०८ मीटर उंचीची खिंड लागते. टोल भरून बोगद्यातून गेलं तर ती टळते, बर्फाचा रस्ता मात्र टळत नाही. फ्रान्सच्या डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात बर्फाचे टायर किंवा चाकांच्या साखळ्या सक्तीच्या आहेत. गाडी भाड्याने घेतानाच ती अँडोरात न्यायला परवानगी आहे का, हे विचारून घ्यावं.

युरोपीय संघातलं स्वस्त रोमिंग इथे लागू नाही. सीमा ओलांडण्याआधी मोबाइलचा डेटा बंद केला नाही तर बिल भरमसाट येऊ शकतं. आणीबाणीत ११२ लावावा. पोलिसांचा थेट क्रमांक ११०, वैद्यकीय मदतीचा ११६. अँडोरात भारताचा दूतावास नाही, ते काम माद्रिदचा दूतावास पाहतो. पासपोर्ट हरवला तर गाठ त्याच्याशी, म्हणून दूतावासाचा क्रमांक आणि पासपोर्ट-व्हिसाच्या छायाप्रती वेगळ्या बॅगेत ठेवाव्यात.