नेमबाजीचा जमाखर्च

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन अवस्थांतील स्पर्धेत कांस्यपदक पटकाविले, तेव्हा १९५२ सालच्या हेलसिंकीची आणि खाशाबा जाधवांची आठवण होणे स्वाभाविक होते. सत्कार झाले, राज्य शासनाने एक कोटीचे बक्षीस जाहीर केले. मात्र सरावाच्या गोळ्यांसाठी त्याच्या शिक्षक वडिलांना कर्ज काढावे लागले होते, ही त्या दिवसांत वृत्तपत्रांतून आलेली हकिकत आपण हळहळून वाचली आणि विसरलो. वस्तुतः या खेळाचे सारे अर्थकारण त्या कर्जात सामावलेले आहे.

काडतुसाची घटकद्रव्ये चार : पितळी नळकांडे, ठिणगी देणारी टोपी, दारू आणि गोळी. अमेरिकेसारख्या देशांत लांब पल्ल्याचे नेमबाज आपली काडतुसे घरीच भरतात. पितळी नळकांडे हा सर्वांत महाग भाग. तो पुन्हा पुन्हा वापरता येत असल्याने खर्च वाचतो. परंतु निवड मनमानीची नसते. गोळी लांब व जड असेल, तर नळीतील पीळही अधिक जलद हवा. आणि जड गोळीमागे सावकाश जळणारी दारूच योग्य. तेथे भरभर जळणारी दारू घातल्यास दाब वाढून जिवावर बेतते. शिवाय सर्वांत जोरकस काडतूस सर्वांत अचूक असतेच असे नाही. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच सुटावी, एवढेच नेमबाज मागतो.

आपल्याकडे हा मार्ग बंद आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. त्यातून ऑलिम्पिकमधील पॉइंट टू-टू काडतुसाचे स्फोटक मिश्रण नळकांड्याच्या काठातच भरलेले असल्याने ते पुन्हा भरताही येत नाही. मग निवड उरते ती कारखान्याच्या उत्पादन-गटाची. एकाच कारखान्याच्या एकाच नावाच्या काडतुसांचे दोन गट एकाच रायफलीतून निरनिराळे वागतात; आणि पन्नास मीटरवरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे! म्हणून अव्वल नेमबाज युरोपातील कारखान्यांत रायफल नेऊन गटांमागून गट तपासतात आणि पसंतीचा साठा एकदम विकत घेतात. निवडीचे स्वातंत्र्य आधी भांडवल मागते, हे अर्थशास्त्राचे जुनेच सूत्र येथे प्रत्ययास येते.

हिशेब मांडून पाहा. रोज शंभर गोळ्या, वर्षाचे अडीचशे दिवस, म्हणजे पंचवीस हजार काडतुसे. एकाची किंमत वीस रुपये धरली, तरी खर्च पाच लाख होतो. रायफल एकदा घ्यावी लागते. काडतूस मात्र उडाले की संपले. श्रीगोंद्यासारख्या तालुक्यातील एनसीसीचा छात्र वर्षाकाठी मोजक्या गोळ्या झाडतो आणि रिकामी नळकांडी मोजून परत करतो. त्याचा हात स्थिर आहे की नाही, हे एवढ्यावरून ना त्याला कळते, ना आपल्याला.

अवर्षणप्रवण तालुक्याने ही चैन का करावी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण शासन खर्च करीतच असते. तो पदकानंतर करते, एवढेच. वरच्याच दराने एक कोटीत वीस नेमबाजांचा वर्षभराचा सराव होतो. बक्षीस हा सिद्ध झालेल्या गुणाचा गौरव आहे; काडतूस हे अद्याप अज्ञात असलेल्या गुणाचा शोध आहे. दोन्ही हवेत, पण क्रम उलटा नको.

१८६९ पासून खडकीत दारूगोळ्याचा कारखाना आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगावलाही आहे. तरीही मोठ्या स्पर्धांसाठी आपले नेमबाज परदेशी काडतुसांवरच विसंबतात. गटवार चाचणी करून स्पर्धायोग्य काडतुसे येथेच तयार करणे आणि जिल्हा क्रीडा केंद्रांतून, चोख नोंदवहीसह, निवडक मुलांना सरावापुरती पुरविणे ही काही आकाशाला गवसणी घालण्याची गोष्ट नव्हे. तोवर मुलाच्या नेमासाठी कर्ज काढण्याची ऐपत ज्या बापाची आहे, त्याच्याच घरातून पदके येत राहतील. आणि ज्याला कर्जही मिळत नाही, त्याच्या मुलाचा नेम किती अचूक होता, हे कोणालाच कळणार नाही.