घरच्या अंगणात बिअरचा नळ! 'कीझर' नेमका चालतो कसा?

अमेरिकेतल्या घरांच्या बॅकयार्डमध्ये लाकडी काउंटर आणि त्याला बिअरचे नळ, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. आत असतो साधा आडवा डीप फ्रीझर. केग म्हणजे बिअरचा धातूचा पिंप. केग आणि फ्रीझर मिळून झाला 'कीझर'.

पण फ्रीझरमध्ये बिअर गोठणार नाही का? म्हणूनच त्याचा प्लग टेम्परेचर कंट्रोलरला लावतात. आतल्या सेन्सरने ३ अंश सेल्सिअस दाखवलं की वीज बंद, तापमान वाढलं की परत चालू.

नळासाठी फ्रीझरच्या भिंतीला भोक पाडत नाहीत. तिथे गॅसच्या नळ्या असतात. ड्रिल लागलं तर फ्रीझर गेलाच! म्हणून झाकणाखाली लाकडी चौकट बसवून नळ तिच्यात लावतात.

बिअरला ढकलतो सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड, साधारण १० ते १२ पीएसआय दाबाने. तरी पहिला ग्लास नुसता फेसाचा? उन्हाने नळ तापला की बिअरमध्ये विरघळलेला गॅस बाहेर पडतो. कोमट कोल्ड्रिंक उघडल्यावर होतं तसंच! उपाय म्हणजे वर सावली, पाईप आतच आणि थंड हवा फिरवायला छोटा फॅन.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो फ्रीझरच्या तळाशी साचतो आणि श्वास कोंडू शकतो. म्हणून झाकण उघडल्या उघडल्या आत डोकं घालायचं नाही. आणि उघड्यावरचं सॉकेट? शॉक लागताच वीज तोडणारंच हवं.