‘सेटलमेंट’ : सही कोणाची?



माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. इंग्रजी जे थोडेफार येते ते कारखान्यातल्या नोटिसा आणि करारांचे मसुदे वाचून आलेले. तेव्हा शब्दांवर बोलण्याचा माझा अधिकार पंडिताचा नव्हे. एका शब्दाची ठेच लागलेल्या माणसाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘सेटलमेंट’.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापुरात एका कारखान्यापुढे आमची गेटसभा होती. दीड महिन्याच्या वाटाघाटींनंतर पगारवाढीच्या करारावर सह्या झाल्या होत्या. मी बाकावर चढून आनंदाने ओरडलो, ‘‘आपली सेटलमेंट झाली!’’ टाळ्या पडल्या. चहाच्या टपरीशी एक म्हातारी बसली होती. तिने शेजारच्या पोराला विचारले, ‘‘पुन्यांदा कुणाला तारंत घातलं रं बाबा?’’ पोरे हसली. मला हसू आले नाही, कारण मला तिचा प्रश्नच कळला नव्हता. तो कळावा म्हणून मी जे वाचले आणि विचारले, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘बसणे’ किंवा ‘बसविणे’ असा आहे. आपल्या मराठीतही या एका क्रियापदाने किती कामे होतात पाहा. गाव बसते, कर बसतो, नव्या जोत्याखालचा भराव बसतो, संसाराची घडी बसते. ‘पोरगा सेटल झाला’ असे आपण म्हणतो तेव्हा ही शेवटची बसणूक मनात असते. भांडण मात्र मराठीत बसत नाही, ते मिटते. इंग्रजी शब्दात हे सारे एकत्र कोंबलेले आहे, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते.

पहिली सेटलमेंट शेतकऱ्याला ठाऊक आहे. तिला आपण जमाबंदी म्हणतो. बंगालमध्ये १७९३ साली कॉर्नवॉलिसने कायमधारा केला. आपल्याकडे १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करून तीस वर्षांच्या मुदतीचा सारा ठरविण्याची पद्धत सुरू केली. मोजणी कसोशीची होती, हे मान्य केले पाहिजे. पण सारा ठरविणारे एक आणि भरणारे दुसरे. शेतकऱ्याने भरावयाचे, ठरविण्यात त्याचा हात नाही. मुदत सरली की फेरआकारणी. गुजरातेतील बारडोली तालुक्यात अशाच फेरआकारणीने सारा २२ टक्क्यांनी वाढला, तेव्हा १९२८ साली वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो भरण्याचे नाकारले. अखेर चौकशी होऊन वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. म्हणजे एक सेटलमेंट मोडण्यासाठी दुसरी सेटलमेंट करावी लागली! पहिली वरून लादलेली. दुसरी लढून मिळविलेली.

दुसरी सेटलमेंट त्या म्हातारीची. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींच्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. पुढे त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातल्या वसाहती केल्या, आणि त्यांचे सरकारी नाव होते ‘सेटलमेंट’. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती. आतल्या माणसांनी हजेरी द्यावयाची, बाहेर जाण्यास परवाना घ्यावयाचा. गिरण्यांना मजूर मिळाले. मजुरांना मात्र काम संपल्यावर परत तारेत जावे लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, म्हणून हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. तार गेली, तरी सोलापुरात त्या भागाचे नाव अजून सेटलमेंटच आहे. आम्ही ज्या शब्दाला टाळ्या देत होतो, तो त्या म्हातारीने लहानपणी कुंपणाच्या आतून ऐकला होता.

तिसरी सेटलमेंट आमच्या धंद्यातली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने तिला नेमका अर्थ दिला. मालक आणि कामगार यांनी आपसांत लेखी करार केला, तर तो सह्या करणाऱ्या दोन्ही बाजूंना बांधतो. सरकारी समेट अधिकाऱ्यापुढे, समेटाच्या कामकाजात तो झाला, तर त्या कारखान्यातल्या सर्व कामगारांना बांधतो. संघटनेत नसलेल्यांनाही आणि उद्या नोकरीस लागणाऱ्यांनाही. मुदत लिहिली नसेल तर सहा महिने, आणि त्यानंतरही रीतसर नोटीस देऊन दोन महिने उलटेपर्यंत तो चालू राहतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. तरी ही चौकट बव्हंशी तीच आहे. जमाबंदीत आणि तारेच्या वसाहतीत माणूस ‘बसविला’ गेला. इथे तो स्वतः टेबलाशी बसतो आणि सही करतो. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे. मात्र पुढाऱ्याने मालकाच्या केबिनमध्ये एकट्याने जाऊन काही ठरविले, तर मुंबईचा कामगार त्याला वेगळे नाव देतो: मांडवली. आम्हा कार्यकर्त्यांनी हा शब्द स्वतःला अधूनमधून विचारून पाहावा.

आता चौथी. नोकरी सुटताना जो हिशेब होतो, त्याला हल्ली ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’ म्हणतात. हिच्यावर कामगाराची सही असते, पण समज असतेच असे नाही. एका बंद पडणाऱ्या कारखान्यात माझ्या एका सोबत्यापुढे असा कागद आला. घरी मुलीचे लग्न. मीच त्याला म्हणालो, ‘‘दादा, सही करून टाका, पैसे तर हातात घ्या.’’ मागील वाढीची थकबाकी त्यात धरलेलीच नव्हती, आणि खाली ओळ होती की यापुढे माझे काही येणे राहिले नाही. ती रक्कम मिळेपर्यंत चार वर्षे कोर्टाचे उंबरठे झिजवावे लागले. दर तारखेला तोच कागद आडवा येई. ती चूक माझी होती.

म्हणून हात जोडून सांगतो. नोकरी सुटली की वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यावे, असे नव्या वेतन संहितेत आहे. तेव्हा पैशाच्या घाईपायी न वाचता सही करू नका. रक्कम कशाकशाची, काय वगळले, कोणता हक्क सोडला, हे आपल्या भाषेत समजून घ्या. कागदाची प्रत मागा. आणि ‘सेटलमेंट झाली’ असे कोणी म्हणाले की आधी एकच विचारा: बसले कोण, आणि बसविले कोणाला?

त्या म्हातारीने तेच विचारले होते. तिला उत्तर द्यायला मी दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो. ती भेटली नाही. ते उत्तर आज आपणांस दिले.